कॉलेज फुटबॉल प्लेऑफ: १२ चे १६ की २४? पानं वाढवायची की वाढपी बदलायचा?

ओहायोकर (धागाकर्ता)

१९ जानेवारी २०२६ ला इंडियानाने मायामीला २७-२१ हरवलं, १६-० (सोळा विजय, पराभव शून्य) असा मोसम संपवला. त्याच आठवड्यात दुसरी बातमी आली: २०२६ मध्येही प्लेऑफ १२ संघांचाच. १६ करायचे की २४ यावर वर्षभर गुऱ्हाळ चाललं, रस काही निघाला नाही. म्हणून हा धागा. 'आमच्या संघावर अन्याय' यासाठी दुसरे धागे आहेत, इथे रचनेवर बोलू.

नव्याने येणाऱ्यांसाठी थोडक्यात. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या (अमेरिकन फुटबॉल, सॉकर नव्हे) वरच्या श्रेणीत १३० च्या वर संघ आहेत आणि नियमित मोसमात प्रत्येकाच्या वाट्याला १२ सामने. पहिल्या दहातले संघसुद्धा एकमेकांसमोर फारसे येत नाहीत, त्यामुळे गुणतक्ता लावून वरचे उचलले असं इथे जमत नाही. कोणीतरी बसून ठरवावं लागतं. १९९८ ते २०१३ बीसीएस नावाच्या जुन्या पद्धतीच्या काळात मतचाचण्या आणि संगणकी क्रमवाऱ्या एकत्र करून फक्त दोन संघ निवडायचे. २०१४ ते २०२३ निवड समितीने निवडलेले चार. २०२४ पासून बारा.

या बारांची रचना ५+७. कॉन्फरन्स म्हणजे आपसात खेळणाऱ्या कॉलेजांचा गट; क्रमवारीत सर्वांत वर असलेले पाच कॉन्फरन्स-विजेते थेट आत, उरलेले सात 'ॲट-लार्ज', म्हणजे समितीच्या क्रमवारीप्रमाणे. मुळात ६+६ ठरलं होतं. पॅक-१२ ही मोठी कॉन्फरन्स फुटल्यावर फेब्रुवारी २०२४ मध्ये ५+७ केलं. पहिल्या वर्षी वरची चार मानांकनं फक्त विजेत्यांना राखीव होती. त्यामुळे क्रमवारीत नववी बॉयसी स्टेट तिसरं मानांकन घेऊन आणि बारावी ॲरिझोना स्टेट चौथं घेऊन पहिल्या फेरीत सुट्टीवर. २०२५ ला ती राखीव सोय काढली आणि मानांकन सरळ क्रमवारीप्रमाणे दिलं.

पुढचे पर्याय तीन. १६ संघ ५+११ पद्धतीने, हे एसईसी, एसीसी आणि बिग ट्वेल्व्हला पटतं (बिग टेन धरून या चार मोठ्या कॉन्फरन्स). १६ संघ पण ४-४-२-२-१ आणि वर ३, म्हणजे बिग टेन व एसईसीला प्रत्येकी चार जागा ठरलेल्या, एसीसी व बिग ट्वेल्व्हला दोन-दोन, बाकीच्या छोट्या कॉन्फरन्सेसमधून एक. हे बिग टेनने पुढे केलं. आणि तिसरा २४ चा, बिग टेनचा अलीकडचा ओढा तिकडे.

माझं मत आधीच सांगतो. भांडण आकड्याचं नाहीच. वाढपी ओळखीचा असला तर शेवटच्या पंगतीतही तूप मिळतं. प्रत्येकाला वाढपी आपला हवाय.

आकडेमोडे

तोंडी वाद घालण्यापेक्षा गेल्या दोन वर्षांच्या अंतिम क्रमवाऱ्या घेऊन दोन्ही रचना चालवून बघू.

२०२५, ५+११: पाच विजेते इंडियाना, जॉर्जिया, टेक्सस टेक, टुलेन (विसावे), जेम्स मॅडिसन (चोविसावे). बाकी अकरा क्रमाने ओहायो स्टेट, ऑरेगन, ओल मिस, टेक्सस ए अँड एम, ओक्लाहोमा, अलाबामा, मायामी, नोटर डेम, बीवाययू, टेक्सस, व्हँडरबिल्ट. म्हणजे वरचे चौदा अधिक टुलेन आणि जेम्स मॅडिसन. आता कॉन्फरन्सप्रमाणे मोजा: एसईसी ७, बिग टेन ३, बिग ट्वेल्व्ह २, एसीसी १, नोटर डेम (कुठल्याच कॉन्फरन्समध्ये नाही), आणि दोन छोटे.

सात विरुद्ध तीन! बिग टेनला ५+११ का नको, याचं उत्तर या एका ओळीत आहे. विजेता इंडियाना त्यांचा, आणि पंगतीत पानं निम्म्याहून कमी.

आता तीच क्रमवारी ४-४-२-२-१ मध्ये टाका, जागा क्रमवारीनेच वाटल्या असं धरून. बिग टेनची चौथी जागा यूएससीला (सोळावे). एसीसीची दुसरी व्हर्जिनियाला (एकोणिसावे). छोट्यांतून एकटं टुलेन. वरच्या तीन जागा अलाबामा, नोटर डेम, टेक्ससला. बाहेर कोण? व्हँडरबिल्ट आणि जेम्स मॅडिसन. एसईसी ७ वरून ६, बिग टेन ३ वरून ४. एवढ्यासाठी वर्ष गेलं.

२०२४ मध्ये तर फरक जवळजवळ शून्य. पाचही विजेते पहिल्या सोळांत होते, सोळावे क्लेम्सन धरून, त्यामुळे ५+११ म्हणजे सरळ पहिले सोळा. ४-४-२-२-१ मध्ये फक्त सोळावे क्लेम्सन जाऊन सतरावे बीवाययू येतं. बस.

सामन्यांचं गणित अगदी सोपं. बाद पद्धतीत एक सामना एका संघाला घरी पाठवतो, म्हणून एकूण सामने संघांपेक्षा एक कमी. १२ ला ११, १६ ला १५, २४ ला २३. पण फेऱ्या १२ लाही चार आणि १६ लाही चार. सोळांत पहिल्या चौघांची सुट्टी जाते, कॅलेंडरमध्ये आठवडा वाढत नाही. २४ ला पाच फेऱ्या लागतात, पहिल्या आठांना सुट्टी देऊनही. म्हणजे १६ हे वेळापत्रकाच्या दृष्टीने फुकट, २४ ला एक शनिवार विकत घ्यावा लागणार.

बाकरवडी_७

+१. सात-तीन हे कुठल्याच बातमीत इतकं सरळ मांडलेलं दिसलं नाही.

पिवळा_रुमाल

ओहायोकर काका, वाढप्याचं म्हणताय तर तो वाढतो कसा तेही बघू. समिती १३ जणांची, डॅलसजवळ ग्रेपव्हाइनच्या हॉटेलात बसते. बहुतेकांची समजूत अशी की प्रत्येकजण १ ते २५ लिहून देतो आणि सरासरी काढतात. तसं होत नाही.

आधी प्रत्येक सदस्य क्रम न लावता ३० संघ लिहून देतो. तीनपेक्षा जास्त जणांच्या यादीत असलेले संघ चर्चेत राहतात. मग प्रत्येकजण, पुन्हा क्रम न लावता, सर्वांत चांगले सहा लिहितो. सर्वाधिक मतं मिळालेल्या सहा संघांचा पहिला गट होतो. आता त्या सहांनाच १ ते ६ क्रमांक द्यायचे. बेरीज सर्वांत कमी असलेले तीन संघ यादीत पहिले, दुसरे, तिसरे बसतात. उरलेले तीन तिथेच थांबतात, बाकीच्यांतून मतांनी नवे तीन येऊन मिळतात, पुन्हा सहांची क्रमवारी. असं करत करत २५ भरेपर्यंत. ज्या सदस्याचा एखाद्या कॉलेजशी नोकरीचा वगैरे संबंध आहे त्याने त्या कॉलेजला मत द्यायचं नाही.

पद्धत वाईट नाही. एकाच सदस्याने चावटपणा करून एखाद्याला तळाशी ढकललं तरी नुकसान त्या छोट्या गटाच्या आतच राहतं. गोची दुसरीकडे आहे. ज्या दोन संघांची पातळी सारखी वाटते त्यांच्यात आपसातला सामना, समान प्रतिस्पर्धी, वेळापत्रकाची कठीणता वगैरे कसोट्या लावायच्या, असा नियम. 'पातळी सारखी' हे कोण ठरवणार? मधे तिसरा संघ बसला की त्या दोघांची थेट तुलना होतेच असं नाही.

२०२५ चं उदाहरण घ्या. २ डिसेंबरच्या यादीत नोटर डेम १०, बीवाययू ११, मायामी १२. शनिवारी ६ डिसेंबरला बीवाययू टेक्सस टेककडून ३४-७ असं हरलं. नोटर डेम आणि मायामी त्या दिवशी खेळलेच नाहीत. तरी रविवारी यादी आली ती मायामी १०, नोटर डेम ११. मधली पाचर निघाली, दोघं शेजारी आले, आणि मायामीने ३१ ऑगस्टला २७-२४ ने जिंकलेला सामना तीन महिन्यांनी हिशोबात आला. निकाल बरोबरच होता असं मला वाटतं. पण मग तो नोव्हेंबरभर का दिसला नाही? कारण दर मंगळवारची यादी ही टीव्हीचा कार्यक्रम आहे. ती जाहीर केली नसती तर नोटर डेमवाल्यांना 'न खेळता घसरलो' म्हणायला जागाच उरली नसती.

मृण्मयी_ट

रुमालराव, त्याच जातीचं जुनं उदाहरण २०१४ चं टीसीयू. तिसऱ्या क्रमांकावर होते, शेवटच्या शनिवारी ५५-३ असे जिंकले आणि सहावे झाले. २०२३ चं फ्लोरिडा स्टेट: १३-०, कॉन्फरन्स जिंकलेली, तरी पाचवे, कारण क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चढाई चालवणारा मुख्य खेळाडू) जॉर्डन ट्रॅव्हिस जखमी. 'महत्त्वाचा खेळाडू उपलब्ध नाही' ही कसोटी नियमात लिहिलेलीच आहे.

पंगत वाढवून तक्रार संपत नाही, फक्त तक्रारदार खाली सरकतो. चार असताना १३-० वाला रडायचा. बारा झाल्यावर १०-२ वाला रडला. आकडेमोडे साहेबांच्या सोळांमध्ये बाहेरचा पहिला कोण? पंधराव्या क्रमांकावरचं युटा. त्यासाठी कोणी फारसं रडणार नाही, हाच विस्ताराच्या बाजूचा सर्वांत प्रामाणिक मुद्दा आहे.

माझा आक्षेप सुट्टीवर आहे. दोन वर्षांत आठ संघांना पहिल्या फेरीत बाय मिळाला. त्यातले सात पुढच्याच सामन्यात हरले! २०२४ ला ऑरेगन, जॉर्जिया, बॉयसी स्टेट, ॲरिझोना स्टेट चारही. २०२५ ला ओहायो स्टेट, जॉर्जिया, टेक्सस टेक. तरलं फक्त इंडियाना, तेही अलाबामाला ३८-३ ने चिरडून. २०२४ चं निम्मं खापर मानांकनावर फोडता येईल, कारण चौथं मानांकन खऱ्या चौथ्याला नव्हतंच. पण २०२५ ला तर सरळ क्रमवारी होती.

कारण तारखांत दिसतं. कॉन्फरन्सची अंतिम लढत ६ डिसेंबरला, पुढचा सामना ३१ डिसेंबर किंवा १ जानेवारीला. २५-२६ दिवस खऱ्या धक्काबुक्कीशिवाय. सरावात क्वार्टरबॅकला कोणी पाडत नाही, टॅकल पूर्ण करत नाहीत, वेग मोजूनमापून ठेवतात. समोरचा संघ ११ ते १३ दिवसांपूर्वीच एक बाद सामना खेळून आलेला असतो. आठच सामन्यांचा नमुना लहान आहे हे मान्य, पण कुठला प्रशिक्षक आज बाय आनंदाने घेईल?

आयपीएलवाल्यांनी २०११ पासून हे वेगळं सोडवलंय. पहिल्या दोघांना विश्रांती देत नाहीत, हरले तर दुसरी संधी देतात. फुटबॉलमध्ये दुसरी संधी शक्य नाही, शरीरं तेवढे सामने सोसणार नाहीत. म्हणून बक्षीस घरच्या मैदानाचं द्या. सोळा संघ, बाय कोणालाच नाही, पहिल्या आठांना घरचा सामना. पहिल्या फेरीत यजमान दोन वर्षांत ८ पैकी ६ जिंकलेत.

चौथा_डाउन

सोळांना हात वर करण्याआधी आठ सामने ठेवणार कुठे ते सांगा.

डिसेंबरचा पहिला शनिवार कॉन्फरन्सच्या अंतिम लढतींचा. दुसरा आर्मी-नेव्हीचा (लष्कर आणि नौदलाच्या अकादमींचा पारंपरिक सामना), त्या वेळेत दुसरा सामना लावायचा नाही ही जुनी रीत. तिसऱ्या आठवड्यात प्लेऑफची पहिली फेरी. आणि नेमकं तिथे एनएफएल, म्हणजे व्यावसायिक लीग, येऊन बसतं. १९६१ च्या स्पोर्ट्स ब्रॉडकास्टिंग ॲक्टमुळे सप्टेंबरच्या दुसऱ्या शुक्रवारपासून डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारपर्यंत शुक्रवार संध्याकाळ आणि शनिवार शाळा-कॉलेजांसाठी मोकळे राहतात. ती मुदत संपली रे संपली की एनएफएल शनिवारी सामने लावतं. २०२४ मध्ये प्लेऑफच्या पहिल्या फेरीच्या शनिवारी समोर एनएफएलचे दोन सामने होते. आज चार सामने म्हणजे शुक्रवारी एक, शनिवारी तीन. आठ झाले तर काही गुरुवारी, काही शुक्रवारी दुपारी, नाहीतर एकमेकांच्या अंगावर.

दुसरी कटकट माणसांच्या बाजाराची. डिसेंबरच्या सुरुवातीला नव्या खेळाडूंच्या सह्या. २ ते १६ जानेवारी खेळाडूंना कॉलेज बदलायची खिडकी. उपांत्य सामने ८ आणि ९ जानेवारीला. म्हणजे उद्या उपांत्य सामना आणि आज राखीव क्वार्टरबॅक दुसरं कॉलेज शोधतोय. अंतिम फेरीतल्या दोन संघांसाठी २० ते २४ जानेवारी अशी वेगळी पाच दिवसांची खिडकी द्यावी लागली, यातच सगळं आलं.

आणि प्रशिक्षक! ओल मिसचे लेन किफिन प्लेऑफ सुरू होण्याआधीच एलएसयूला गेले. पीट गोल्डिंग यांच्या हाताखाली संघ उपांत्य फेरीपर्यंत पोचला. टुलेनचे जॉन समरॉल आणि जेम्स मॅडिसनचे बॉब चेस्नी यांनी अनुक्रमे फ्लोरिडा आणि यूसीएलएची नोकरी घेतली, पण प्लेऑफ संपेपर्यंत जुन्या संघाबरोबर थांबले. पाचवी फेरी आली की हे दुखणं आणखी आठवडाभर लांबणार.

आकडेमोडे

चौथा_डाउन, म्हणूनच २४ वाल्यांचा हिशोब असा आहे की कॉन्फरन्सच्या अंतिम लढती बंद करा आणि तो शनिवार प्लेऑफला द्या. कागदावर बसतं. अडतं कुठे, तर एसईसीची ॲटलांटातली अंतिम लढत हे स्वतंत्र दुभतं जनावर आहे, ते कोण सोडेल?

शिवाय त्या लढतींचा अर्थ आताच पातळ झालाय. २०२५ ला अलाबामा जॉर्जियाकडून २८-७ हरलं तरी नववंच राहिलं. बीवाययू हरलं तर एक पायरी खाली. २०२४ ला एसएमयू ३४-३१ हरलं, क्लेम्सनने शेवटच्या चेंडूवर ५६ यार्डांवरून फील्ड गोल मारला, तरी एसएमयू आतच आणि अलाबामा बाहेर. हरलेल्याला शिक्षा केली तर 'जास्तीचा सामना खेळल्याची शिक्षा', न केली तर 'मग सामना कशाला?' दोन्हीकडून मार.

बिग टेनच्या ४-४-२-२ मध्ये त्या शनिवारसाठी एक खुबी होती ती विसरू नका. पहिला विरुद्ध दुसरा विजेतेपदासाठी, आणि तिसरा विरुद्ध सहावा, चौथा विरुद्ध पाचवा उरलेल्या दोन जागांसाठी. म्हणजे चारांपैकी दोन जागा समिती नव्हे, मैदान ठरवणार. पात्रता सामने टीव्हीला विकताही येतात, हे ओघानं आलंच.

पिवळा_रुमाल

मैदान ठरवणार हे ऐकायला गोड आहे. पण ८-४ वाला सहावा संघ एका दुपारी १०-२ वाल्या तिसऱ्याला बाहेर काढणार. मग बारा आठवडे कशासाठी खेळलो?

आणि एसईसीची बाजूही सांगायला हवी. २०२६ पासून त्यांनी कॉन्फरन्समधले सामने आठाचे नऊ केलेत. १६ संघ, प्रत्येकी एक सामना जास्त, म्हणजे आठ सामने जास्त, म्हणजे आठ पराभव हमखास जास्त. पूर्वी त्या जागी कुठलं तरी छोटं कॉलेज बोलावून फुकटचा विजय घ्यायचे. त्यामुळे त्यांना हवंय की समितीने नुसते पराभव न मोजता ते कोणाविरुद्ध झाले हे बघावं. २०२५ साठी समितीच्या आकडेवारीत बलाढ्य संघांविरुद्धच्या सामन्यांचं वजन वाढवलं आणि 'रेकॉर्ड स्ट्रेंग्थ' नावाचं नवं मापही आलं: हेच वेळापत्रक दुसऱ्या चांगल्या संघाने खेळलं असतं तर त्याला एवढं जमलं असतं का, अशा धर्तीचं.

बाकरवडी_७

छोट्यांना काढून टाका म्हणणाऱ्यांचं कोणी बोलेल का? टुलेन ४१-१० हरलं, जेम्स मॅडिसन ५१-३४. लगेच सुरू: 'यांची जागा नोटर डेमला द्यायला हवी होती.'

मृण्मयी_ट

बाकरवडी, त्याच प्लेऑफमधले बाकीचे आकडे समोर ठेवा. ऑरेगन २३, टेक्सस टेक ०. इंडियाना ५६, ऑरेगन २२. अलाबामाचे ३८-३ वर दिलेतच. हे सगळे मोठ्या कॉन्फरन्सचे. आणि जानेवारी २०२३ च्या अंतिम सामन्यात जॉर्जियाने टीसीयूला ६५-७ हरवलं होतं, तेव्हा तर प्लेऑफ चारच संघांचा होता. एकतर्फी सामने कॉलेज फुटबॉलचा स्वभावच आहे; शंभरच्या वर खेळाडूंच्या पथकात खोली सारखी नसते, दुसऱ्या अर्ध्यात राखीव फळी उघडी पडते.

दोन छोटे आत आले याचं कारणही एसीसीच्या अंगणातलं. पाच संघ बरोबरीत, त्यातून नियमाने ड्यूक अंतिम लढतीत आणि मायामी बाहेर. ड्यूकने व्हर्जिनियाला जादा वेळेत २७-२० हरवलं. ८-५ वाला विजेता पहिल्या पंचविसांतही नव्हता, त्यामुळे पाचवी जागा आपोआप जेम्स मॅडिसनकडे. त्यांनी कुणाची जागा चोरली नाही.

ओहायोकर

२४ ला हसणाऱ्यांनी खालच्या श्रेणीकडे बघावं. एफसीएसमध्ये २०१३ पासून २४ संघांचा प्लेऑफ आहे, पहिल्या आठांना बाय, उपांत्य फेरीपर्यंत सगळं वरच्या संघाच्या घरच्या मैदानावर. या वेळी बिनमानांकित इलिनॉय स्टेटने पहिल्या मानांकित नॉर्थ डकोटा स्टेटला त्यांच्याच घरी २९-२८ ने काढलं आणि अंतिम सामन्यात मोंटाना स्टेटकडून जादा वेळेत ३५-३४ असे हरले. चोवीसची रचना चालते.

पण तिथे 'बोल' नाहीत, हा फरक. (नवख्यांसाठी: रोझ बोल, शुगर बोल वगैरे जुने मानाचे सामने, बोलण्याशी संबंध नाही.) वरच्या श्रेणीत उपांत्यपूर्व आणि उपांत्य सामने सहा मोठ्या बोलांमध्ये फिरतात: रोझ, शुगर, ऑरेंज, कॉटन, फिएस्टा, पीच. त्यामुळे प्रेक्षकाचा खिसा कसा कापला जातो ते बघा. मायामीचा प्रवास: कॉलेज स्टेशन, मग डॅलसजवळ आर्लिंग्टन, मग ॲरिझोनात ग्लेनडेल, आणि शेवटी अंतिम सामना योगायोगाने स्वतःच्याच मैदानावर. इंडियानाचा: पॅसाडिना, ॲटलांटा, मायामी. पहिलं मानांकन मिळवून इंडियानाला घरी एकही सामना नाही! पाचव्या मानांकनवाल्या ऑरेगनला मात्र एक मिळाला. उपांत्यपूर्व फेरी कॅम्पसवर आणा, मग २४ करा नाहीतर १६.

चौथा_डाउन

कॅम्पसवर आणा म्हणणं सोपं. उत्तरेकडची बरीच मैदानं नोव्हेंबरअखेर मोसम संपेल या हिशोबाने बांधलेली. त्यानंतर पाण्याच्या वाहिन्या रिकाम्या करून ठेवतात, नाहीतर गोठून फुटतात. डिसेंबरअखेर सामना म्हणजे स्वच्छतागृहं, खाण्याचे गाळे, पत्रकार कक्ष, सगळीकडे वाहिन्या गरम ठेवायच्या, पायऱ्यांवरचा बर्फ उपसायचा. सूचना किती दिवसांची? २०२५ ला यादी ७ डिसेंबरला आणि पहिला सामना १९ ला. बारा दिवस. त्यात परीक्षा संपून विद्यार्थी घरी गेलेले, वसतिगृहं आणि खानावळी बंद, गावात हॉटेलच्या खोल्या मोजक्या, आणि स्टेडियममध्ये राबणारी पोरं म्हणजे बरेचदा तेच विद्यार्थी. अशक्य नाही, २०२४ च्या २० डिसेंबरला साउथ बेंडमध्ये पहिला सामना झालाच. पण जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तेच करायचं तर बजेट वेगळं लागतं.

आकडेमोडे

आता पैसा, म्हणजे घोडं कुठे अडलंय ते कळेल. २०२५ पर्यंतचा दर असा: प्लेऑफमध्ये आलात की ४० लाख डॉलर, उपांत्यपूर्व फेरीला आणखी ४०, उपांत्यला ६०, अंतिमला ६०. एकूण २ कोटी, आणि अंतिम सामना जिंकल्याचे वेगळे काही नाहीत. पैसे कॉन्फरन्सला जातात, तिथे वाटणी होते. नोटर डेम कॉन्फरन्समध्ये नसल्याने २०२४ चे २ कोटी त्यांना एकट्याला. बिग टेनमध्ये १८ तोंडं.

२०२६ पासून ईएसपीएनचा नवा करार, सहा वर्षांचे ७.८ अब्ज डॉलर, सरासरी वर्षाला १.३ अब्ज. वाटणीत बिग टेन आणि एसईसीला प्रत्येकी साधारण २९ टक्के, एसीसीला १७ च्या आसपास, बिग ट्वेल्व्हला १५ च्या. त्याच समझोत्यात रचना ठरवण्याची चावीही या दोघांच्या हातात दिली. दोघांचं जमलं तर बदल, नाही जमलं तर १२. बिग टेनचे आयुक्त टोनी पेटिटी आणि एसईसीचे ग्रेग सँकी, दोघांपैकी कोणीच हललं नाही, म्हणून भिजत घोंगडं.

बाकरवडी_७

म्हणजे २०२६ ला काहीच बदल नाही?

आकडेमोडे

आकडा तोच, दार बदललं. २०२६ पासून चार मोठ्या कॉन्फरन्सचे विजेते क्रमवारी काहीही असो, आत. बाकीच्या सहा कॉन्फरन्समधला सर्वांत वरचा एक विजेता आत. आणि नोटर डेम पहिल्या बारांत असेल तर तेही हमखास आत. तेरावे आले तर बाकीच्यांसारखेच रांगेत.

आता ७ डिसेंबर २०२५ ची यादी या नियमात टाका. विजेते इंडियाना, जॉर्जिया, टेक्सस टेक, आणि एसीसीतून ८-५ वालं ड्यूक. छोट्यांतून टुलेन, जेम्स मॅडिसन बाहेर. राहिल्या सात जागा. ओहायो स्टेट, ऑरेगन, ओल मिस, ए अँड एम, ओक्लाहोमा, अलाबामा झाले सहा. सातवी नोटर डेमची, हमीमुळे. म्हणजे पुढे अंतिम सामन्यापर्यंत पोचलेलं मायामी दहाव्या क्रमांकावर असूनही बाहेर.

पिवळा_रुमाल

थांबा. मग समितीने मायामी १० आणि नोटर डेम ११ ठेवलं काय किंवा उलटं ठेवलं काय, फरकच नाही?

आकडेमोडे

नाही. दोन्ही वेळा नोटर डेम आत, मायामी बाहेर. मायामीला आत यायला अलाबामाच्या वर जावं लागलं असतं. ३१ ऑगस्टला मायामीने जिंकलेले ते २७-२४ या हिशोबात कुठेच येत नाहीत.